टोइंगची जड गाडी घ्यायचीय? पासिंगचा खर्च आरसीवरचा एक रकाना ठरवतो

पंचवटी (नाशिक) : कसारा घाटात ट्रक आडवा होतो. पेठ रस्त्याला सावळघाटात कांद्याची गाडी कठड्याला लागते. मागं दोन-तीन किलोमीटर रांग लागते आणि सगळे एकाच गाडीची वाट बघत बसतात, ती म्हणजे क्रेन. क्रेन आली, हुक लावला, गाडी बाजूला झाली, की चहाच्या टपरीवर पुढची चर्चा ठरलेली असते, "किती घेतले रे त्याने?" आकडा ऐकला की कुणीतरी म्हणतोच, "आपणच एक घेऊ की!"

विचार वाईट नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या दारातून जातो, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे, पेठ आणि वणी-सापुतारा हे घाटरस्ते गुजरातला जोडतात. 2027 चा सिंहस्थ कुंभमेळाही समोर आहे. पण गाडीची किंमत आणि बँकेचा हप्ता एवढंच गणित मांडून लोक बॉडी बिल्डरला ॲडव्हान्स देऊन येतात. पासिंगचा, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीचा, खर्च कुणी धरत नाही. धरला तरी "असतील दहा-पंधरा हजार" असं म्हणून सोडून देतात.

हा खर्च काही हजारांतही बसू शकतो आणि दोन-अडीच लाखांवरही जाऊ शकतो. तो ठरतो आरसीवरच्या एका रकान्यावरून, आणि तो रकाना म्हणजे 'वाहनाचा प्रकार'. तिथं काय लिहिलं जाणार हे गाडी घेण्याआधी कळलं पाहिजे. नंतर ते बदलायला फार त्रास होतो.

आधी तुमची गाडी नेमकी कोणती, ते ठरवा

आपण बोलताना सगळ्यांनाच 'क्रेन' म्हणतो. कागदावर मात्र त्या तीन वेगळ्या गाड्या आहेत.

पहिली, हायड्रा. पुढं बूम, मोठी चाकं, उचलून हळूहळू चालणारी. कायद्याच्या भाषेत ही 'बांधकाम उपकरण वाहन' या गटात येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिची व्याख्या दिली आहे. तिचं मुख्य काम रस्त्याबाहेरचं असतं. रस्त्यावर ती थोड्या अंतरासाठी आणि ताशी 50 किलोमीटरच्या आत चालवायची असते. विहिरीचं, गोदामाचं, शेडचं काम असेल तर ही बरी. रात्री दोन वाजता चांदवडहून फोन आला आणि ओझरहून पळायचं असेल, तर तिचा उपयोग नाही.

दुसरी, टो ट्रक किंवा रिकव्हरी व्हॅन. ट्रकच्या चेसिसवर मागं बूम, विंच आणि बिघडलेल्या गाडीचं पुढचं चाक उचलायची सोय. महामार्गावर काम करते ती ही गाडी.

तिसरी, फ्लॅटबेड. मागची फळी खाली झुकते आणि गाडी तिच्या पाठीवर चढवून नेतात. कार आणि पिकअप ओढायला सोयीची.

वजनाचेही टप्पे लक्षात ठेवा. गाडी आणि तिचा माल मिळून जे एकूण मान्य वजन असतं, ते 7,500 किलोपर्यंत असेल तर हलकी, 12,000 किलोपर्यंत मध्यम आणि त्यावर असेल तर जड गाडी. भरलेला ट्रक ओढायचा तर जडच गाडी लागते.

कायदा टो ट्रकला मालवाहू मानत नाही

बऱ्याच जणांना ही गोष्ट माहीत नसते. केंद्र सरकारने 5 नोव्हेंबर 2004 ला एक अधिसूचना काढून वाहनांचे दोन गट केले. एक 'परिवहन', म्हणजे भाड्याने माल-माणसं वाहणाऱ्या गाड्या. दुसरा 'बिगर परिवहन'. टो ट्रक, ब्रेकडाउन व्हॅन, रिकव्हरी व्हॅन आणि क्रेन बसवलेली वाहनं या दुसऱ्या गटात टाकलेली आहेत. बांधकाम उपकरण वाहनंही तिथंच.

याने फरक काय पडतो?

मालवाहू ट्रकला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. नवीन गाडीला पहिली दोन वर्षं सुटतात. पुढं आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी गाडी तपासायला न्यावी लागते. हिशेब केला तर 15 वर्षांत साधारण 10 फेऱ्या. प्रत्येक फेरीला फी, आधीची डागडुजी आणि त्या दिवसाचा बुडालेला धंदा. शिवाय परमिट आणि गाडी आठ वर्षांची झाली की पर्यावरण कर.

बिगर परिवहन गाडीची नोंदणी एकदा केली की 15 वर्षं चालते. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. फिटनेसच्या या फेऱ्या नाहीत, मालवाहतुकीचं परमिट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 मध्ये तर बिघडलेली गाडी ओढून नेण्यासाठी वापरलेल्या वाहनाला परमिटमधून स्पष्ट सूट दिली आहे.

मग सगळे हाच प्रकार का लिहून घेत नाहीत? कारण आरसीवर काय लिहायचं हे तुमच्या तोंडी सांगण्यावरून ठरत नाही. ते ठरतं गाडीच्या मान्यतेच्या कागदावरून.

मान्यतेचा कागद

चेसिस कंपनीची, बॉडी बाहेरच्या कारखान्यात बांधलेली, वर विंच आणि बूम तिसऱ्याच ठिकाणचं. अशा गाडीचा नमुना अधिकृत संस्थेने तपासून मान्य केलेला असावा लागतो. आपल्या राज्यात अशा तीन संस्था आहेत, पुण्यातली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. बॉडी बिल्डरकडे त्या नमुन्याचं मान्यता प्रमाणपत्र असतं. त्यावर 'रिकव्हरी व्हॅन' असेल, तर तशी नोंद होण्याचा रस्ता मोकळा असतो. त्यावर साधी 'मालवाहू बॉडी' असेल, तर तुम्ही वर कितीही मोठी विंच लावा, कागदावर ती मालट्रकच.

फ्लॅटबेडच्या बाबतीत घोळ होतो तो इथंच. बरेच फ्लॅटबेड मालवाहू म्हणून पास झालेले असतात आणि मालकाला ते पहिल्या फिटनेसच्या वेळी कळतं.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी बॉडी बिल्डरला एकच प्रश्न विचारा, "याचं अप्रूव्हल सर्टिफिकेट दाखवा, त्यावर प्रकार काय लिहिलाय?" कागद दाखवला नाही, तर उठून या.

आता फी बघू

नोंदणीची मूळ फी केंद्र सरकार ठरवतं. त्यामुळे ती नाशिकला एक आणि नगरला दुसरी असं होत नाही. 29 डिसेंबर 2016 पासून लागू असलेल्या तक्त्यातले आपल्या कामाचे आकडे असे :

- मध्यम मालवाहू गाडी : 1,000 रुपये
- जड मालवाहू गाडी : 1,500 रुपये
- तक्त्यात नाव नसलेलं 'इतर' कुठलंही वाहन : 3,000 रुपये
- मध्यम किंवा जड गाडीवर कर्जाचा बोजा चढवणं : 3,000 रुपये
- आरसी स्मार्ट कार्डवर हवी असेल तर : 200 रुपये जादा
- पुढं गाडी विकली तर नाव बदलण्याची फी : नोंदणी फीच्या निम्मी

म्हणजे कर्ज काढून घेतलेली जड गाडी 'इतर' वर्गात गेली, तरी या सगळ्याची बेरीज 6,200 रुपये. मालवाहू म्हणून गेली तर 4,700. टपाल खर्च वेगळा, पण तो किरकोळ. तेव्हा 'पासिंगची फी' म्हणून कुणी 25-30 हजार सांगत असेल, तर त्याला हिशेब मागा. सरकारी फी आणि एजंटाची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे ऑनलाइन भरले जातात आणि प्रत्येक रुपयाची पावती निघते.

खरा खर्च कराचा आहे

फी केंद्राची असली तरी मोटार वाहन कर राज्याचा असतो, आणि मोठी रक्कम इथंच जाते.

मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात क्रेन, कॉम्प्रेसर, प्रोजेक्टर, एक्स्कॅव्हेटर अशा बांधकामाच्या वाहनांवर किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर सक्तीचा केला. त्याच वेळी 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांनाही 7 टक्के एकरकमी कर आला. 1 जुलै 2025 पासून हे दर लागू झाले.

जड मालवाहू ट्रकचं तसं नाही. त्याचा कर वजनावर असतो आणि तो वर्षाला भरता येतो. म्हणजे सुरुवातीला खिशातून कमी जातं, पण दरवर्षी जात राहतं.

समजा, निफाड तालुक्यातल्या दोन भावांनी 16 टनी चेसिसवर गाडी बांधून घेतली. चेसिस आणि बॉडी मिळून किंमत 32 लाख धरू. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे.)

क्रेनच्या वर्गात नोंद झाली तर :
एकरकमी कर 7 टक्के : 2,24,000 रुपये
नोंदणी, बोजा, कार्ड : 6,200 रुपये
एकूण : 2,30,200 रुपये
पुढची 15 वर्षं नोंदणीची चिंता नाही.

जड मालवाहू म्हणून नोंद झाली तर :
नोंदणी, बोजा, कार्ड : 4,700 रुपये
शिवाय पहिल्या वर्षाचा कर, परमिट, आणि पुढं दरवर्षी कर, ठरल्या वेळी फिटनेस.

पहिल्या दिवशी दुसरा रस्ता स्वस्त दिसतो. एजंटही बऱ्याचदा तोच सुचवतो, कारण काम लवकर होतं. पण 15 वर्षांचा कर, 10 फिटनेस, परमिट आणि विमा असं सगळं मांडलं की चित्र वेगळं दिसतं. तुमच्या गाडीचा नेमका कर प्रकार, वजन आणि किंमत या तिन्हींवरून निघतो. डीलरला सांगून 'वाहन' पोर्टलवरचा आकडा आधी काढून घ्या आणि मगच बँकेत जा. बँका गाडीच्या किमतीवर कर्ज देतात. कराचे दोन-सव्वादोन लाख बहुतेक वेळा घरातून घालावे लागतात, आणि ते नसले की तयार गाडी बॉडी बिल्डरच्या दारात उभी राहते आणि हप्ता मात्र सुरू होतो.

एक दिलासाही आहे. ट्रकवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागून घ्या.

विम्यातही प्रकार बघतात

थर्ड पार्टी विम्याशिवाय नोंदणी होत नाही. जून 2022 पासूनच्या सरकारी दरपत्रकात 12 ते 20 टनांच्या, भाड्याने माल वाहणाऱ्या ट्रकचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 35,313 रुपये आहे, जीएसटी वेगळा. ब्रेकडाउन व्हॅन आणि क्रेन यांना विमा कंपन्या मालट्रकमध्ये धरत नाहीत. त्यांचा 'विशेष व इतर' असा वेगळा वर्ग आहे आणि त्याचा दर बराच कमी आहे. आरसीवरचा प्रकार आणि पॉलिसीवरचा प्रकार एकच असला पाहिजे. दोन्हीकडे वेगळं लिहिलेलं असेल, तर क्लेमच्या वेळी कंपनी बोट त्याच ओळीवर ठेवते.

आणखी एक. ज्या गाडीला तुम्ही ओढताय तिचं वाटेत नुकसान झालं तर काय? तुमच्या थर्ड पार्टीत ते येतंच असं धरून चालू नका. पॉलिसी घेतानाच विचारा, लिहून घ्या.

जुना ट्रक घेऊन क्रेन बनवली तर?

खेड्यात हेच जास्त चालतं. बारा-पंधरा वर्षं वापरलेला ट्रक स्वस्तात घ्यायचा, गावातल्या वेल्डरकडून मागं बूम बसवून घ्यायचा, की झाली क्रेन. गाडी ओढतेही चांगली. पण कायद्याच्या दृष्टीने तो अजून मालट्रकच असतो, तोही बेकायदा बदल केलेला.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने जशी गाडी दिली तिच्यापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. बदल करायचाच असेल तर आधी परवानगी, मान्य नमुन्याची बॉडी, कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची संमती, आणि बदल झाल्यावर आरसीवर नोंद. परस्पर बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद कलम 182अ मध्ये आहे. दंड एक वेळ भरता येईल. पण घाटात बूम तुटून माणूस दगावला, तर विमा कंपनी हात वर करील आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येईल. भीती त्याची आहे.

जुन्या गाडीत आणखी तीन खर्च लपलेले असतात :

1. वयाची फी. 15 वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाची आणि तपासणीची फी नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहे. ऑगस्ट 2025 च्या बदलानंतर 20 वर्षांवरच्या 'इतर' वर्गातल्या वाहनाचं नोंदणी नूतनीकरणच 12,000 रुपयांवर गेलं.
2. नंबर प्लेट. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी प्लेट बसवावी लागते. जड गाडीला 745 रुपये अधिक जीएसटी.
3. बाकी कर आणि चलन. आधीच्या मालकाने थकवलेलं सगळं नाव बदलताना समोर येतं. व्यवहाराआधी गाडीचा नंबर टाकून बघा.

धरमपूर, वलसाड, सुरतकडून 'गुजरात पासिंग' गाडी स्वस्त मिळते म्हणून आणणारेही आहेत. परराज्यातली गाडी इथं 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथली एनओसी आणून इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. तो धरूनच गाडीची किंमत ठरवा.

पासिंगला जाताना

नाशिकचं आरटीओ कार्यालय पंचवटीत पेठ रोडला आहे, नंबर एमएच-15. मालेगाव भागातल्यांसाठी मालेगावचं कार्यालय, एमएच-41. तुमच्या पत्त्याप्रमाणे कार्यालय ठरतं.

पूर्ण तयार गाडी अधिकृत डीलरकडून घेतली तर बरंच काम डीलरकडेच होतं. पण चेसिसवर बाहेर बॉडी बांधली असेल तर गाडी निरीक्षकासमोर उभी करावीच लागते. चेसिस घेताना मिळणारी तात्पुरती नोंदणी सहा महिन्यांची असते. बॉडीचं काम त्याआधी उरकेल अशी तारीख बिल्डरकडून लेखी घ्या.

सोबत हे कागद ठेवा :

- फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज) आणि फॉर्म 21 (विक्रीचं प्रमाणपत्र)
- फॉर्म 22 आणि बॉडी बिल्डरच्या सहीचा 22-अ
- बॉडीच्या नमुन्याचं मान्यता प्रमाणपत्र
- चेसिस आणि बॉडी, दोन्हींची जीएसटी बिलं
- विमा, तात्पुरती नोंदणी, पत्त्याचा पुरावा, पॅन
- कर्ज असेल तर बँकेची सही घेतलेला बोजाचा अर्ज

आरसी हातात आली की तिथंच वाचा. वाहनाचा प्रकार, एकूण वजन, चेसिस नंबर, बोजा. चूक असेल तर त्याच दिवशी अर्ज द्या. नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड आहे.

ही चूक करू नका

कांद्याच्या दिवसांत पिंपळगावला गाड्या कमी पडतात. फ्लॅटबेड रिकामा उभा असतो. शेजारी म्हणतो, "दोन खेपा मारून दे." गाडी रिकव्हरी व्हॅन म्हणून पास असेल तर ही खेप म्हणजे विनापरमिट मालवाहतूक. कायद्यात 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे. भाडं दोन-चार हजारांचं आणि धोका अख्ख्या गाडीचा. मालही वाहायचा असेल तर सुरुवातीलाच मालवाहू म्हणून पास करा आणि त्याचे खर्च मान्य करा. स्वस्त नोंदणी आणि मालाचं भाडं, दोन्ही एकाच गाडीवर मिळत नाही.

शेवटी सिंहस्थाचं

रामकुंडावर पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. त्या काळात गाड्या बंद पडणार, ओढायला क्रेन लागणार, हे खरं. पण गर्दी काही महिन्यांची असते आणि कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे. सिंहस्थ धरून गाडी घेऊ नका. कसारा, राहुड आणि सावळघाटात वर्षभर किती काम मिळेल ते धरून घ्या. आणि वहीत पहिली ओळ गाडीच्या किमतीची लिहिली असेल, तर तिच्या खाली लगेच लिहा, 'आरसीवर प्रकार काय येणार?' त्याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.